खोका जपून ठेवा

“साहेब, तुम्ही सामान विकत नेता की हवापालटाला नेता?”

दुकानदाराने विचारलं ते अगदी गोड आवाजात. पण गाण्याबजावण्याच्या सामानाच्या त्या लांबट दुकानात पार दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या टाचणीला हसू आवरलं नाही.

टाचणी हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. आत्याच्या शिवणकामाच्या दुकानात ती सैल-घट्ट झालेले कपडे उसवून पुन्हा अंगाबरोबर करून द्यायची, आणि गिऱ्हाइकाच्या कमरेला टाचणी लावता लावता त्याच्या स्वभावालाही एखादी टोचून ठेवायची. “पोट आत घेऊ नका काका. पँट तुम्हाला घालायचीय, दम रोखून बसायला नाही शिवत मी ती.” असं बोलणाऱ्या मुलीला लोक दुसरं काय म्हणणार? आता तर आत्याही त्याच नावाने हाक मारायची.

हसू आवरत तिने काउंटरकडे बघितलं. माणूस दिसला की आधी त्याची मापं घ्यायची, ही तिच्या डोळ्यांची खोड. उंच. डावा खांदा जरा उतरलेला. बाह्या आखूड, वरून दुसरं बटण लोंबतंय. नाकावर चष्मा, आणि कपाळावर... आणखी एक चष्मा. दोन्ही हातांत भलामोठा खोका, इतक्या निगुतीने बंद केलेला, जणू नव्या नवरीची बॅग.

“आतला फोम, पिशव्या, पिशव्यांना बांधलेल्या तारा... सगळं जिथल्या तिथे आहे,” तो सांगत होता.

“ते दिसतंय हो. माझी बायको दागिने इतके जपत नाही. पण परत का?”

“मोठा निघाला.”

“नेताना लहान होता?”

आता मात्र टाचणी मोठ्याने हसली. त्याने वळून पाहिलं. तिच्याकडे, मग ती जिच्यापुढे उभी होती त्या वस्तूकडे. आणि चेहऱ्यावर एकदम कळवळा आणून म्हणाला, “अहो, हा घेऊ नका.”

“का? तुमचा उष्टा आहे म्हणून?”

तिच्यासमोर मांडलेला कंट्रोलर आणि त्याच्या खोक्यातला, दोन्ही एकाच जातीचे. कंट्रोलर म्हणजे लॅपटॉपला जोडायची एक रुंद पाटी. दोन बाजूंना हाताने फिरवायच्या दोन थाळ्या, मधे आवाज वरखाली करायच्या पट्ट्या आणि चिमटीत धरून फिरवायची बटणं. एका थाळीवर चालू गाणं, दुसरीवर पुढचं. हा तर चार-चार गाणी एका वेळी सांभाळणारा. एवढे दिवे चमकत होते त्याच्यावर की टाचणीचा जीव त्यात अडकला होता.

त्यालाही कारण होतं. मैत्रिणीच्या वाढदिवसाला सगळी मंडळी नाचात रंगलेली असताना एक गाणं संपलं, आणि दुसरं लागायला जरासा वेळ गेला. जरासाच... पण तेवढ्यात कुणाला घर आठवलं, कुणाला गुडघा आठवला, कुणी चपला शोधायला लागलं. टाचणीला वाटलं, अरे, ही तर उसवलेली शिवण! दोन गाणी अशी जोडता आली पाहिजेत की सांधा कुणाच्या नजरेला येऊ नये. आणि लोक हे घरच्या घरी शिकतात म्हणे. झालं. सुतावरून स्वर्ग गाठायला तिच्या हाताशी सूत काय, रीळच्या रीळ होते.

“ह्याला चार चॅनेल आहेत,” तो जवळ येऊन म्हणाला. “तुम्हाला हात किती?”

“लोकांना असतात तितकेच.”

“मग दोन पुरेत. मी हौसेने चार नेले. दोन मला जमेनात, आणि उरलेले दोन माझ्याकडे टकामका बघत बसायचे.”

“बाई, ह्यांच्या नादी लागू नका,” दुकानदार काउंटरवरून ओरडला. “हे आमचे परतसाहेब. शेजारी माझा मेहुणा छत्र्या विकतो. त्याला ह्यांनी छत्री परत केली... पाऊस थांबला म्हणून!”

“पाऊस थांबला म्हणून नाही. दांडी डावीकडे वाकायची.”

“दांडी नव्हती वाकत,” टाचणी म्हणाली. “तुमचा डावा खांदा उतरलाय.”

त्याने घाईघाईने डावा खांदा वर केला. त्याबरोबर उजवाही वर गेला. दोन्ही खांदे कानाशी घेऊन तो क्षणभर तसाच उभा राहिला. पिशवीतून डोकं काढलेल्या मांजरासारखा.

“तुम्ही... डॉक्टर?”

“कपडे शिवते. आणि तुम्ही? दोन-दोन चष्मे?”

त्याचा हात कपाळावर गेला. “अरेच्चा, हा इथे होता होय! डोळे तपासतो मी. कोपऱ्यावर चष्म्याचं दुकान आहे माझं.”

मग टाचणीची खरेदी सुरू झाली, ती अशी की जणू डोळेच तपासले जातायत. त्याने एक हेडफोन तिच्या कानांवर चढवला, काढला, दुसरा चढवला.

“आता बरं... की आधीचं बरं?”

“आधीचं.”

“नक्की? पुन्हा एकदा ऐका. हे... की हे?”

“नक्की म्हटलं ना! चष्मा देतानाही असंच छळता?”

“छळावंच लागतं. माणूस घाईत ‘बरं दिसतंय’ म्हणतो आणि वर्षभर जिन्यावर ठेचकाळतो.”

त्याला यातलं फार कळत होतं असं नव्हे. पण इतक्या वस्तू परत केल्या होत्या त्याने की कशाचं कुठे दुखतं ते पाठ झालं होतं. कान पूर्ण झाकणारा हेडफोन घ्या, नाहीतर बाहेरचं गाणं आत शिरतं. कंट्रोलर दोन चॅनेलचा घ्या, पण पुढचं गाणं आपल्याला आधी गुपचूप ऐकता येईल अशी सोय असलेला. स्वस्तातल्या काहींना ती नसते, आणि मग माणूस अंदाजाने गाणं सोडतो आणि तोंडावर आपटतो. दुकानदाराने एक दणदणीत बेसचा डबा पुढे सरकवला, तेव्हा त्याने विचारलं, “खोली कुठे आहे तुमची?”

“दुकानाच्या वर. खाली आत्या असते.”

“मग हा नको. ह्याचा आवाज घेणाऱ्यापेक्षा खालच्यालाच जास्त ऐकू येतो.”

शेवटी ठरलं ते इतकंच: छोटा कंट्रोलर, तो आधीचा हेडफोन, आणि मांजराच्या पिलांसारखे दोन छोटे स्पीकर. पावती फाडताना दुकानदार म्हणाला, “खोका जपून ठेवा हं. मुदतीच्या आत परत आणलं तर घेऊ, पण खोका, फोम, सगळं साबूत पाहिजे. फाटला खोका की तुमचं आमचं नातं पक्कं.”

टाचणीने कपाळाला हात लावला. “आमच्या खोलीत कापडाचे गठ्ठे सोडून माणसाला पाय ठेवायला जागा नाही. खोका कुठे ठेवू?”

“मी ठेवतो,” परतसाहेब पटकन म्हणाला. आणि मग कान लाल करून, “माझ्याकडे... खोक्यांसाठी वेगळी खोली आहे.”

*

आत्याने सामानाकडे पाहिलं, भाचीकडे पाहिलं, आणि सामान वर पोहोचवायला आलेल्या परतसाहेबाकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. उभ्या आयुष्यात तिने माणसं बघितली ती ट्रायल रूमच्या पडद्यातून बाहेर येतानाची. त्यामुळे तिच्यापुढे कुणी ऐट करायला जायचं नाही.

“वाजव,” ती म्हणाली. “पण माझी एक अट.”

आत्याच्या कापायच्या टेबलावर एक चिनीमातीची बशी असायची, टाचण्यांनी भरलेली. टेबल बरोबर टाचणीच्या खोलीखाली.

“ह्या बशीतल्या टाचण्या हलल्या, की सामान जिथून आलं तिथे परत. कापड कापताना माझा हात हलून चालत नाही. आणि ज्या टेबलावर टाचणी थरथरते तिथे हात हलणारच.”

“आत्या, थोडा तरी आवाज...”

“आवाजाला मी कुठे नको म्हणतेय? कान आहेत, ऐकतील. टाचण्या हलता कामा नयेत.”

आत्याची अट म्हणजे दगडावरची रेघ. दुसरी एक रेघ टाचणीने लहानपणापासून पाहिली होती: कापडाच्या कात्रीने कापडाखेरीज काहीही कापायचं नाही. कागद तर नाहीच. कागदाने धार मरते. टपालवाल्याने एकदा न विचारता आत्याची कात्री उचलून पाकिटाची दोरी कापली होती. तेव्हापासून आत्या त्याच्या हातून टपाल घेत नाही, टेबलावर ठेवायला लावते. टाचणीने पहिला कोट स्वतः कापला त्या दिवशी आत्याने तिला तिची स्वतःची कात्री दिली. काळ्या मुठीची, जडशी. टाचणीने ती कधी कुणाच्या हातात दिली नव्हती. मागितली तर म्हणायची, “टूथब्रश देते हवं तर.”

*

त्यानंतर परतसाहेब दुकान बंद झाल्यावर संध्याकाळी येऊ लागला. बहाणा रोज नवा. कधी वायर लांब पडते का बघायला, कधी लॅपटॉप तापतो का बघायला. एकदा तर म्हणाला, “खोका व्यवस्थित आहे, हे सांगायला आलो.”

“त्याने काही निरोप दिलाय का माझ्यासाठी?”

“आठवण काढतो म्हणाला.”

बोलताना तो गंभीर, आणि चष्म्यामागचे डोळे मात्र हसणारे. टाचणीने ते टिपून घेतलं. टिपून घ्यायचं नाही असं ठरवूनही.

स्पीकरखाली तिने कोटाच्या खांद्यात घालायचे कापसाचे पॅड सरकवले होते, हादरा खाली जाऊ नये म्हणून. स्पीकर त्यामुळे कोट घालून सभेला बसल्यासारखे ऐटीत दिसायचे. हळू आवाजात निभावत होतं. खाली टाचण्या गुमान होत्या. आणि टाचणी दोन गाणी जोडायला शिकत होती... हळूहळू. पहिल्यांदा दोन गाणी अशी एकमेकांवर आदळायची, जणू जिन्यात दोन जाडे पाहुणे समोरासमोर आले. मग तिला सुचलं, शिवणयंत्राच्या पायपट्टीवर पायाचा ठेका ठेवतो तसा ठेवून बघावा. पाय हलायला लागला आणि गाणी एकमेकांना वाट द्यायला लागली.

“जमतंय की!” तो म्हणाला.

“शिवण आहे हो. फक्त कापड दिसत नाही.”

पण सगळंच सुरळीत चालू लागलं की कुणीतरी मधे टाका उसवतंच. आत्याकडे कॉलर उलटून घ्यायला आलेल्या एका बाईंनी बातमी दिली: त्या चष्मेवाल्याचं म्हणे लग्न ठरलं होतं, आणि ऐन वेळी मोडलं.

आत्याने ती बातमी भाचीला दिली ती सुईत दोरा ओवता ओवता. “मी काही म्हणत नाही. पण जो माणूस खोका जपून ठेवतो ना... त्याचा एक पाय कायम दाराबाहेर असतो. तू काही छत्री नाहीस.”

“आत्या! तो वायरी बघायला येतो.”

“हो. आणि तू त्याची बटणं शिवून देतेस ती काय सरकारी कामाला?”

टाचणीने यंत्रात मान घातली. बटण शिवलं होतं खरं. तेही शर्ट त्याच्या अंगावर असताना, दातांनी दोरा तोडून. तेव्हा तो श्वास रोखून उभा होता, आणि ती त्याला “दम रोखू नका” असं म्हणायचं चक्क विसरली होती.

*

त्या संध्याकाळी बारीक पाऊस होता. काचेवर पाण्याचे दोरे ओघळत होते. परतसाहेब छत्रीशिवाय आला. केस भिजलेले, चष्म्यावर वाफ. ती काही बोलायच्या आत तो म्हणाला, “आज एक गंमत सापडली. हेडफोन एकच आहे ना? तुम्ही डावा कान घ्या, मी उजवा.”

एका हेडफोनला दोन कान लावायचे तर दोन डोकी जवळ आणावीच लागतात. हे शोधून काढणाऱ्याला त्याचा अंदाज नसेल असं टाचणीला वाटलं नाही. भिजलेल्या शर्टाचा वास, खांद्याला खांदा... डावा उतरलेला खांदा तिच्या उंचीला बरोबर जुळत होता.

“ऐका,” तो हळूच म्हणाला. “किती शांत सूर आहे...”

“शांत? कानात घण घालतोय कुणी!”

“घण? बासरी आहे ही.”

“बासरी कसली... थांबा हं, डोळ्यांसारखे कानही तपासून घ्या एकदा.”

“अहो खरंच बासरी...”

दोघं थांबले. मग त्याला उमगलं आणि तो इतका हसला की कपाळावरचा चष्मा नाकावरच्या चष्म्यावर येऊन पडला. गंमत अशी की त्याने केलेली जोडणीच तशी होती: एका कानात चालू गाणं, दुसऱ्या कानात पुढचं. डीजे एकटाच दोन्ही कानांनी ऐकतो म्हणून त्याला ते कळतं. ह्या दोघांनी कान वाटून घेतले, आणि दोघं वेगवेगळं गाणं ऐकत ‘किती छान’ म्हणत बसले असते.

“म्हणजे माझ्याकडे पुढचं,” ती म्हणाली, “आणि तुमच्याकडे चालू.”

“उलट हवं होतं.” त्याचा आवाज एकदम खाली आला. “माझा कान नेहमी पुढच्याकडे असतो. चालू गाणं छान असलं तरी वाटतं... पुढचं ह्याहून बरं असेल तर? दिवसभर लोकांना तेच विचारतो ना. हे बरं की ते बरं? ती सवय घरी येते माझ्याबरोबर.”

टाचणीने काचेकडे बघत विचारलं, “आणि लग्नही... बरं की बरं नाही, ह्यातच राहिलं?”

त्याने कानावरचा हेडफोन खाली केला. मग म्हणाला, “कळलं वाटतं तुम्हाला. मी नाही मोडलं. मी तिला फक्त विचारत राहिलो... नक्की ना? पक्कं ना? पुन्हा एकदा विचार करू या का? शेवटी तिनेच मला परत केलं.” जरा हसला. “खोक्यासकट. बरोबरच केलं तिने. आता सुखात आहे.”

असं स्वतःवर हसणाऱ्या माणसावर रागवायचं कसं, हे आत्याने तिला शिकवलं नव्हतं.

“मग माझ्याकडे येता रोज,” ती म्हणाली, “ते काय म्हणून? मुदतीवर?”

“टाचणी...”

पहिल्यांदाच त्याने तिला नावाने हाक मारली होती. त्याचा हात पुढे आला... कंट्रोलरवरच्या तिच्या हातावर. आणि तिचा हात होता नेमका पुढच्या गाण्याच्या आवाजाच्या पट्टीवर. दोन हातांच्या भाराने पट्टी सरकन वर गेली. गोंधळून तिने दुसऱ्या हाताने बटण उलटं फिरवलं, ते निघालं बेसचं. कानातला घण स्पीकरमधून बाहेर पडला. खोली दणाणली, पॅड चेपले, फळ्या हादरल्या...

“टाचण्याऽऽ!” खालून आत्याची हाक आली. “नाचतायत गं माझ्या टाचण्या!”

गाणं थांबलं. पावसाचा आवाज तेवढा राहिला. आत्या जिन्याच्या तोंडाशी उभी होती, हातात बशी, पुराव्यासारखी.

“उद्या परतीचा शेवटचा दिवस ना?” तिने विचारलं. आवाज चढवला नाही, तेच वाईट.

परतसाहेब उठला. चष्मा पुसला. नको तोच डोळ्यावर घातला. “मी... उद्या खोका घेऊन येतो,” म्हणाला आणि पावसात निघून गेला.

*

खोका घेऊन येतो!

दुसऱ्या दिवशी टाचणीने एका गिऱ्हाइकाची पँट दोनदा उसवली. दोष पँटचा नव्हता. किती सहज बोलून गेला. हात हातावर ठेवायचा आणि दुसऱ्या दमात खोका! आत्या म्हणाली होती ते खरंच. त्याला जायला निमित्त हवं होतं, आत्याच्या टाचण्यांनी आयतं पुरवलं. सामान जाईल, वायरी जातील, वायरी बघायला येणारा जाईल. सगळं जिथल्या तिथे, पिशव्यांना तारा बांधून.

दुपारीच तिने वरचं सामान सोडवायला घेतलं. वायरी गुंडाळताना एक लक्षात आलं आणि ती जिन्यावरच बसली. गाणी जोडता येणार नाहीत ह्याचं दुःख होत होतं, होतंच. पण रडू येत होतं ते त्याचं नव्हे. संध्याकाळी सहा वाजता जिना वाजतो, तो उद्यापासून वाजणार नाही, त्याचं.

तो आला तो दुकान उघडं असतानाच. हातात खोका. कडा न चेपलेला, चिकटपट्टीसुद्धा जागच्या जागी.

“या परतसाहेब,” टाचणी म्हणाली. आवाजात सगळ्या टाचण्या होत्या. “वेळेवर आलात. सामान गुंडाळून ठेवलंय. तुमच्यासारखी तार नाही बांधता आली पिशव्यांना, तेवढं सांभाळून घ्या.”

“कात्री आहे?”

“काय?”

“कात्री. मोठी.” त्याने खोका आत्याच्या टेबलावर ठेवला, उघडला, आतला जाड पांढरा फोम बाहेर काढला. चेहरा असा, जणू दात काढून घ्यायला आलाय. “रात्रभर विचार केला. हा फोम कशासाठी असतो? वाटेतले हादरे आत पोहोचू नयेत म्हणून. बाहेरचे आत येत नाहीत, तर आतले बाहेर तरी का जातील? मी आजवर हा फक्त परत पाठवायला जपला. कापून स्पीकरखाली घातला तर... तर टाचण्या नाही हलणार. बहुतेक. पॅड चेपतात, हा चेपत नाही.”

“आणि कापल्यावर?”

“कापल्यावर परत घेणार नाहीत.”

आत्याचं यंत्र थांबलं.

“मुदत आज संपतेय,” टाचणी हळूच म्हणाली. “पुन्हा एकदा विचार करा. नक्की ना?”

त्याने तिच्याकडे पाहिलं. नाकावर एकच चष्मा होता आज, आणि तोही बरोबरचा.

“कात्री दे,” तो म्हणाला.

टाचणीने खिशात हात घातला. काळ्या मुठीची, जडशी. आत्याच्या तोंडून बारीकसा आवाज निघाला, जुनं कापड टरकन फाटावं तसा. टाचणीने तिकडे बघितलंच नाही. मूठ त्याच्याकडे करून तिने कात्री पुढे धरली. टूथब्रश देईन पण कात्री नाही, म्हणणाऱ्या मुलीने.

त्याला काय दिलं जातंय ते त्याला कळलं. त्याने ती दोन्ही हातांनी घेतली.

मग त्याने फोम कापला. एक तुकडा, दुसरा, वाकडेतिकडे. फोम कापून झाला तरी तो थांबला नाही. तेच पातं त्याने खोक्याच्या कोपऱ्यात घातलं आणि कर्रकर्र करत पुठ्ठा वरपासून खालपर्यंत चिरत नेला. त्याची मुळीच गरज नव्हती. फोमचं काम झालं होतं. पण कान लाल करून, दात आवळून तो खोका फाडत राहिला, कडा, झाकणं, चिकटपट्टी, सगळं... आणि टाचणी हसता हसता डोळे पुसत होती.

“पुरे रे! खोक्याने काय घोडं मारलंय तुझं?”

“बरीच वर्षं जपलाय,” तो धापा टाकत म्हणाला. “असले सगळे.”

वर जाऊन त्यांनी सामान पुन्हा जोडलं. फोमच्या वाकड्या गाद्यांवर स्पीकर बसले. कालचंच गाणं, कालचाच घण. त्याने पट्टी वर सरकवली, तिने त्याचा हात धरून आणखी जराशी. खिडकीत उन्हाचा तिरपा तुकडा, हवेत पुठ्ठ्याचा भुगा. आणि दोन गाण्यांच्या मधे, जिथे एक अजून संपलं नव्हतं आणि दुसरं लागून गेलं होतं, टाचणीने विचारलं, “आता बरं... की आधीचं बरं?”

नेहमी दोनदा ऐकणारा माणूस ह्या वेळी एकदाही अडखळला नाही.

“आता.”

“नक्की?”

“पुढचं ऐकायचं नाही मला. आता.”

गाणं वाजत राहिलं. खालून बराच वेळ काही हाक आली नाही. मग आत्याचाच आवाज आला. “बशीतल्या नाही हलल्या गं! वरच्या टाचणीचं मला विचारू नका.”

दोघं खाली आले तेव्हा आत्या दिव्याखाली टाचणीची कात्री न्याहाळत होती. तिने एक चिंधी घेतली, कापून पाहिली. कात्रीने चिंधी कापली नाही, नुसती चघळली.

“गेली धार,” आत्या म्हणाली.

परतसाहेब पुढे झाला. चेहरा पडलेला. “माझी चूक, आत्या. उद्याच्या उद्या नवी आणतो. हुबेहूब हीच, बदलून...”

आत्याने कात्री मिटली आणि त्याच्या हातात ठेवली. टेबलावर नाही, हातात.

“बदलून नको,” ती म्हणाली. “धार लावून आण.”